दोर कुणाच्या हातात होता

पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येक माणसाच्या छातीवर आमचे वस्ताद आधी तळहात ठेवायचे. डोळे मिटायचे, मान जराशी कलती करायचे आणि बराच वेळ तसेच उभे राहायचे. छाती फार धडधडत असली तर हात काढून घेत म्हणायचे, "बसा खाली. नाव बुडालेलीच हाय. ती कुठं पळून जात न्हाई."

एकदा आमचे डेप्युटी साहेब काम बघायला आले आणि उत्साहाच्या भरात होडीत पाय टाकायला निघाले. वस्तादांनी त्यांच्याही कोटावर हात ठेवला. "सायेब, तुमी काठावरच बसा," एवढंच म्हणून ते आपल्या कामाला लागले. साहेब काठावर बसले, आणि जाताना मला म्हणाले, "हा माणूस कुठून पैदा केलात?"

पैदा मी केला नव्हता. मी तेव्हा बावीस वर्षांचा, पुण्यात डिप्लोमा करून नुकताच चिकटलेला ओव्हरसिअर होतो. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. मुंबई रस्त्याला पिंपरीजवळ कारखाने उभे राहायला लागले होते आणि त्यांना पाणी लागणार होतं. रहाटणीच्या अलीकडे पवनेचा एक डोह आहे, तिथे पंपहाऊस बांधायचं ठरलं. अडचण एवढीच की आदल्या साली आलेल्या पुरात त्या डोहात तीन नावा बुडाल्या होत्या. दोन वाळूच्या आणि एक माणसं पार करणारी, मोठी. पाणी उतरल्यावर एका नव्या नावेचा तळ त्यातल्या एकीवर आपटून फुटला आणि चार माणसं कशीबशी वाचली. तेव्हा नावा काढणं भाग होतं. मुंबईहून पाणबुडे आणायचे तर महिने जाणार होते. तेवढ्यात कुणीतरी सांगितलं, देहूच्या पुढे इंद्रायणीच्या काठी एक म्हातारा आहे, लढाईच्या काळात मुंबईच्या गोदीत पाणबुड्या होता, त्याला विचारा.

ते आले ते सायकल हातात धरून, चालत. मागे कॅरियरला दोराचं एक मोठं वेटोळं बांधलेलं. घर नदीवर नाव चालवणाऱ्या भोयांचं. वीस वर्षं गोदीत काढूनही भाषा गावाकडचीच राहिली होती. त्यांनी डोहाला एक चक्कर मारली आणि मला विचारलं, "किती मानसं देता?"

"तुम्ही एकटेच काढाल ना?" मी म्हणालो.

"मी काढंन. पन पुढच्या पुरात पुन्हा बुडतील, तवा मी नसंन. चार मानसं द्या, त्यांना शिकवतो. मग तुमाला माझी गरज न्हाई."

सरकारी कामावर येऊन आपलीच गरज संपवून देणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता, नंतरही फारसा नाही. काठावरच्या गावांतले चार तरणे गडी रोजंदारीवर घेतले. पोहण्यात चौघेही पटाईत. तालमीतल्या सवयीने त्यांनी पहिल्याच दिवशी म्हाताऱ्याला वस्ताद म्हणायला सुरुवात केली, आणि मग मीही.

पहिले पंधरा दिवस वस्तादांनी कुणाला पाण्याला शिवू दिलं नाही. काठावर एक जुनी होडी पालथी घातली आणि चौघांच्या डोळ्यांवर त्यांचीच मुंडाशी बांधून त्यांना तिच्याखाली सरपटत फिरवलं. फळी कुठे संपते, खिळा कुठे वर आलाय, कण्याखाली साखळी कशी ओवायची, सगळं हाताने. "खाली डोळ्याला काई दिसनार न्हाई. गाळ उठला की हातच तुमचा डोळा," असं सांगून ते होडीवर बसायचे आणि आतून धडपडणाऱ्याला वरून प्रश्न विचारायचे. "कुठं हायस?" "मागच्या टोकाला." "न्हाईस. तू माझ्या बुडाखाली हायस." बाकीचे हसून बेजार व्हायचे.

दम वाढवायची त्यांची तऱ्हा तर आणखी वेगळी. पाण्याने भरलेल्या घंगाळात तोंड बुडवून ठेवायचं आणि तेवढ्या वेळात ते आपल्या म्हशीची गोष्ट सांगणार. तोंड वर काढलं की विचारायचे, म्हस कुणाच्या शेतात शिरली? बरोबर सांगता आलं नाही तर तो दम फुकट. "दम किती येळ धरला ते मला सांगू नगा. दम धरून डोकं जागेवर ऱ्हायलं का, ते सांगा." चौघांतला ज्ञानू यात सगळ्यात तयार झाला. त्याला त्या म्हशीची सारी कुंडली पाठ होती. दोन महिन्यांपूर्वीच लग्न झालेला, हसरा, अंगाने काटक असा हा ज्ञानू वस्तादांचा विशेष लाडका होता, जरी ते तसं दाखवत नसत.

या सगळ्यात मी इस्त्रीच्या पँटीत, हजेरीचं पुस्तक घेऊन, झाडाखाली खुर्ची टाकून बसायचो. एके दिवशी वस्ताद समोर येऊन उभे राहिले. "सायेब, तुमी बी या."

"मी पाण्यात उतरणार नाही."

"उतरू नगा. पन दोर धरायला शिका. जो वर उभा ऱ्हानार, त्याला खालच्याचा दोर धरता आला पाह्यजे. न्हाईतर त्यानं वर उभंच ऱ्हाऊ ने."

मला राग आला. चार गड्यांसमोर चिखलात बसायचं म्हणजे काय? पण डेप्युटी साहेबांना त्या म्हाताऱ्याचं कौतुक होतं आणि माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. मी बसलो.

दोराचं शास्त्र साधं होतं. बुडी मारणाऱ्याच्या कमरेला एक दोर, त्याचं दुसरं टोक काठावरच्या माणसाच्या हातात. खालून एक हिसका आला तर ठीक आहे. दोन आले तर ढिला सोड. तीन आले तर ओढ, मागचा पुढचा विचार करायचा नाही. दोर धरणाऱ्याने कुणाशी बोलायचं नाही, विडी ओढायची नाही, उभं राहायचं नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे दोर कशालाही बांधायचा नाही. खुंटीला नाही, झाडाला नाही, स्वतःच्या कमरेलाही नाही. "खुंटीला हिसका कळत न्हाई," वस्ताद सांगायचे. हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं की मी एकदा चिडून म्हणालो, "वस्ताद, मी डिप्लोमा झालेला माणूस आहे." ते शांतपणे म्हणाले, "व्हय. म्हनून तर पुन्हा सांगतो."

हळूहळू मला त्याची गोडी लागली, हेही कबूल करतो. डोळे मिटून, बोटांत दोर धरून बसलं की पंधरा-वीस फूट खाली माणूस काय करतोय ते कळायला लागायचं. तो वळला, थांबला, काहीतरी धरून जोर लावतोय. एकदा मी नुसत्या दोरावरून "ज्ञानू दमला, वर येतोय" म्हणालो आणि तो खरंच वर आला. वस्तादांनी माझ्याकडे बघून मान हलवली. त्या मान हलवण्याने मला जेवढा आनंद झाला तेवढा डिप्लोमाच्या निकालाने झाला नव्हता.

दोन वाळूच्या नावा बिनबोभाट निघाल्या. रीत अशी होती. बुडालेल्या नावेच्या दोन्ही अंगांना दोन रिकाम्या नावा उभ्या करायच्या, त्यांच्यावर आडवे वासे टाकायचे. मग त्या रिकाम्या नावांतच पाणी भरायचं, काठोकाठ येईपर्यंत. त्या खाली बसल्या की खालच्या नावेखालून ओवलेल्या साखळ्या वाशांना ताणून बांधायच्या आणि भरलेलं पाणी बादल्यांनी उपसून टाकायचं. नावा हलक्या होऊन वर येतात आणि बरोबर बुडालेलीलाही गाळातून वीतभर उचलतात. तशीच ती उथळ पाण्याकडे ओढायची आणि पुन्हा पहिल्यापासून. पाणी उपसायला लागलं की खाली कुणीही असता कामा नये, हा त्यातला कडक नियम. पहिली नाव काठाला लागली तेव्हा गाव लोटलं होतं. बायकांनी नावेला हळदकुंकू वाहिलं. वस्ताद मात्र लांब बसून चौघांची बोटं तपासत होते, कुणाला फळीची कुसळं लागली आहेत का म्हणून.

आता तिसऱ्या नावेचं सांगायला हवं. इतका वेळ मी म्हशीच्या गोष्टी सांगत बसलो त्याचं कारण तुमच्या लक्षात आलं असेल.

तिसरी, माणसं पार करणारी, सगळ्यात जड होती आणि तिचं नाक गाळात रुतलं होतं. त्या दिवशी वरचे मोठे साहेब पुण्याहून येणार होते. मीच डेप्युटी साहेबांना म्हणालो होतो, त्यांच्यासमोर नाव काढून दाखवू. वस्तादांना ते पसंत नव्हतं. "तमाशा न्हाई हा," ते म्हणाले. पण सकाळी पाणी निवळ होतं, चौघेही धडधाकट होते, म्हणून ते तयार झाले. साखळी ओवायला ज्ञानू खाली जाणार. वस्ताद आणि बाकीचे तिघे दोन्ही नावांवर, वाशांपाशी. दोर धरायला काठावरच्या सपाट खडकावर मी. दोर कुठून सोडायचा ती जागाही वस्तादांनीच आखून दिली होती.

"सायेब, धरलाय?" नावेवरून त्यांनी विचारलं.

"धरलाय," मी म्हणालो. तेव्हा तो खरंच माझ्या हातात होता.

ज्ञानूने पहिली बुडी मारली, वर आला, दम घेतला, पुन्हा गेला. तेवढ्यात वरच्या रस्त्यावर जीप थांबल्याचा आवाज झाला. मी मान वळवून पाहिलं. मोठे साहेब उतरत होते आणि त्यांना सामोरं जायला कुणीच नव्हतं. डेप्युटी साहेब अजून पोचायचे होते. खडकाशेजारी नावा बांधायची एक मेख ठोकलेली होती. मी दोराचे दोन वेढे तिच्यावर मारले, गाठ घातली आणि वर गेलो. दहा पावलं असतील. नमस्कार केला, नाव सांगितलं. साहेबांनी काहीतरी विचारलं, मी उत्तर दिलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. किती वेळ गेला असेल? ज्ञानूच्या दमापेक्षा जास्त, एवढं नक्की.

खालून वस्तादांची हाक आली, "पोरगं आलं न्हाई वर." पाठोपाठ ते पाण्यात पडल्याचा आवाज आला. कमरेला दोर न बांधता ते गेले, जे त्यांनी आम्हाला कधीच करू दिलं नसतं. मी धावत खडकावर आलो. दोर मेखेवर ताणून थरथरत होता. मी गाठ सोडली. वस्ताद ज्ञानूला घेऊन पाण्याबाहेर आले तेव्हा दोर माझ्या हातात होता.

ज्ञानूचा पाय साखळी आणि फळीच्या मध्ये अडकला होता. त्याला पालथा घालून, पाठ दाबून वस्तादांनी पाणी काढलं. बऱ्याच वेळाने तो खोकला. जीव वाचला, पण कानांतून रक्त येत होतं. एका कानाने तो नंतर कायमचा बहिरा झाला आणि पायाचा घोटा असा चिरडला की पुढे तो आयुष्यभर लंगडत चालला. वस्ताद त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. तिथून त्यांनी मला विचारलं, "सायेब, दोर हातात व्हता न्हवं?"

"होता."

"हिसका आला?"

"नाही आला."

हे दोन शब्द किती सहज निघाले ते मला आजही कळत नाही. शेजारी मोठे साहेब उभे होते, आणि मला वाटतं मी त्यांना ऐकू जावं म्हणूनच जरा मोठ्याने बोललो.

दोन दिवसांनी ज्ञानूला बोलता यायला लागलं. तो म्हणाला, मी तीनदा वढला. वस्तादांनी त्याचंही खोटं मानलं नाही आणि माझंही नाही. विचार करकरून त्यांनी आपल्यापुरता निवाडा केला. दोर नावेच्या काठाला घासत असणार, हिसका तिथेच मेला असणार. आणि जागा तर त्यांनीच आखली होती. चौकशीच्या वेळी त्यांनी तेच सांगितलं. "जागा मी चुकीची धरली. सायेबांचा दोष न्हाई, पोराचा बी न्हाई." त्यांचा जबाब लिहून घ्यायचं काम माझ्याकडे होतं. अक्षर चांगलं होतं ना माझं. मी एकेक शब्द जसाच्या तसा लिहिला, वाचून दाखवला, आणि त्यांचा अंगठा धरून शाईला लावला.

शिकवणं बंद झालं. वस्तादांना घरी पाठवलं. तिसरी नाव उन्हाळ्यात पाणी आटल्यावर तुकडे करून ओढून काढली. मी मात्र पंपहाऊस तयार होताच खटपट करून चौघांनाही तिथे चिकटवलं, लंगड्या ज्ञानूलासुद्धा. लोक म्हणाले, ओव्हरसिअर मनाचा मोठा आहे. मलाही काही दिवस तसं वाटलं. यांनी आपल्या उपकारात राहावं, हा हिशेब त्यात कुठेतरी होता, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

वर्षभराने ज्ञानूनेच सांगितलं की खेडहून भीमेवरचे नाववाले वस्तादांकडे आले होते. त्यांच्याही नावा बुडाल्या होत्या, शिकायला दहा माणसं तयार होती. वस्तादांनी त्यांना परत पाठवलं. "माझ्या शिकवन्यात खोट हाय," म्हणाले. "हातात दोर असून पोरगं खाली अडकलं. असली विद्या दुसऱ्याला देऊ ने."

त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट कळलं की मी काय केलं होतं. नुसतं काम गेलं असतं तर त्यांना दुसरं मिळालं असतं. मी त्यांची विद्याच खोटी ठरवली होती, आणि तीही त्यांच्याच तोंडून.

आणखी दोन महिने मी काही केलं नाही. मग कायम झाल्याचा कागद हातात पडला आणि मी त्यांच्या गावाला गेलो. आधी का गेलो नाही ते तुम्हाला आता दिसतच असेल. वस्ताद दारात दोरखंड वळत बसले होते. "या सायेब," म्हणून त्यांनी घोंगडी झटकून अंथरली. मी बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. मेख, दोन वेढे, गाठ, जीप, साहेबांचा हात. तीन हिसके आले असणार आणि ते मेखेला बसले असणार.

मला वाटलं ते अंगावर धावून येतील. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "म्हंजी जागा बरोबर व्हती?"

"बरोबर होती."

"दोर घासत न्हवता?"

"नाही. काहीच घासत नव्हतं. तुमचं काही चुकलं नव्हतं."

ते उठले. आत जाऊन बायकोला म्हणाले, "अगं, ऐकलं का, जागा बरोबर व्हती." म्हातारी बाहेर आली, तिला काही उमगलं नाही. वस्तादांचे डोळे भरून आले होते आणि तोंडावर हसू होतं. रागवायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही. मी तिथे उभा होतो आणि मला कुठे तोंड लपवावं ते कळत नव्हतं.

"मला काहीतरी बोला, वस्ताद," मी म्हणालो.

"तुमाला काय बोलू? एक काम करा. येत्या रविवारी रहाटणीच्या घाटावर या. त्या चौघांना बोलावतो. त्यांच्याम्होरं एकदा सांगा. पोरं मनात धरून बसली असतील, वस्तादानं चुकीचं शिकवलं म्हनून. तेवढं झालं की मी खेडला जायाला मोकळा."

"येतो," मी म्हणालो, आणि तेव्हा मला ते खरं वाटत होतं.

रविवारी सकाळी उठल्यावर मला कसकस वाटली. थर्मामीटर लावला, ताप नव्हता. चहा घेऊन पुन्हा लावला, तरी नव्हता. तरी मी पांघरूण घेऊन पडलो. माझ्या हाताखालच्या माणसांसमोर, ज्यांना मी पंपावर लावलं, ज्यांची हजेरी मी मांडतो, त्यांच्यासमोर उभं राहून मी हे सांगायचं? पुढच्या रविवारी जाऊ, म्हटलं. सोमवारी ज्ञानू लंगडत कचेरीत आला आणि म्हणाला, "काल वस्ताद दिवसभर घाटावर बसून व्हते. आमाला बी बसवलं. तुमी येनार व्हता म्हनं." मी म्हणालो, "अरे, बरं नव्हतं." कशासाठी येणार होतो ते त्याने विचारलं नाही.

वस्ताद खेडला गेले नाहीत. तिकडची माणसं पुन्हा आली तेव्हा "आता वय झालं" एवढंच म्हणाले. मी पुढचा रविवार, त्याच्या पुढचा रविवार करत राहिलो. त्याच पावसाळ्यात थंडीतापाचं निमित्त होऊन ते गेले.

दहाव्याला मी गेलो. इंद्रायणीच्या काठावर विधी उरकले, पाहुणे पांगले. चौघे एका बाजूला बसून होते. मी त्यांच्यापाशी जाऊन बसलो आणि या वेळी थांबलो नाही. "त्या दिवशी दोर मी मेखेला बांधला होता," मी म्हणालो. "वस्तादांची काही चूक नव्हती."

मग महादू, जो त्या दिवशी काठाकडच्या नावेवर होता, हळूच म्हणाला, "आमाला ठावं हाय, सायेब. मी डोळ्यांनी पाह्यलं व्हतं. ह्यांना बी सांगितलं व्हतं."

"मग बोलला का नाहीत?"

"हजेरी तुमी मांडत व्हता. मग तुमी पंपावर लावलं. कसं बोलायचं?"

ज्ञानू चांगला कान माझ्याकडे करून ऐकत होता. तो म्हणाला, "म्हातारं बिचारं आपलीच चूक समजून गेलं."

"नाही," मी म्हणालो. "त्यांना मी सांगितलं होतं. घरी जाऊन सांगितलं होतं सगळं."

"कवा?"

"त्या रविवारच्या आधी. चार दिवस आधी."

महादूने मान खाली घातली.

"काय झालं?" मी विचारलं.

"त्या रविवारी," ज्ञानू म्हणाला, "दीस कलला, तुमी आला न्हाई, तवा त्यांनी आमाला इचारलं. त्या दिशी नावंवरून तुमाला काई दिसलं व्हतं का, म्हनून. एकेकाला इचारलं."

"आणि तुम्ही?"

"न्हाई म्हनालो. चौघं बी."

नदीला पाणी होतं. कुणाचीतरी होडी पलीकडून येत होती.

"मग काय म्हणाले ते?"

"'म्हंजी जागाच चुकली व्हती,' म्हनाले," ज्ञानू म्हणाला. "आमाला च्या पाजला अन् घरला गेले."